घरशिक्षणाच्या संमेलनाला जाताना

मुलांना शाळेत न घालता घरी शिकवणाऱ्या, किंवा घरी शिकू देणाऱ्या, कुटुंबांचे मेळावे आपल्याकडे आता नवे राहिलेले नाहीत. पुण्याच्या आसपास, मुंबईत, गोव्यात, बंगळुरूकडे ते भरत असतात. त्यांची बातमी क्वचित छापून येते, आणि आली तर एखाद्या पदक मिळवलेल्या मुलाच्या निमित्ताने येते. या मेळाव्यांना जाणारा मराठी पालक तिथून काय घेऊन परततो आणि काय घ्यायचे राहून जाते, एवढाच या लेखाचा विषय आहे.

मी या विषयाकडे आडवाटेने आले. शिक्षणतज्ज्ञ मी नाही. माझे स्वतःचे औपचारिक शिक्षण बारावीला थांबले. चाळिशीत पुस्तके समोर ठेवून मोडी शिकले आणि तेव्हापासून कुळगावात बसून लोकांच्या घरातले जुने कागद वाचून देते. खरेदीखते, गाव नमुना चौदाचे जन्ममृत्यूचे उतारे आणि सर्वांत जास्त म्हणजे जुन्या शाळांच्या जनरल रजिस्टरमधल्या नोंदी. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला, हे वाचकांना आठवत असेल. त्या काळात इतकी शाळारजिस्टरे नजरेखालून गेली, की शाळा या संस्थेकडे मी वेगळ्या बाजूने पाहू लागले. शाळेत काय शिकवतात यापेक्षा शाळा काय लिहून ठेवते, या बाजूने. घरशिक्षणाच्या मेळाव्यांना मी गेले ती याच कुतूहलाने. आतापर्यंत चार झाले.

त्यातच २०२४चा ऑगस्ट आला. शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणानंतर २० ऑगस्टला बदलापूर स्थानकात लोक रुळांवर उतरले आणि कित्येक तास हटले नाहीत. त्याविषयी बरेच लिहून झाले आहे. मला सांगायचे आहे ते त्यानंतरच्या महिन्यांबद्दल. कुळगावातल्या ओळखीच्या घरांतून, कात्रप-शिरगावाकडच्या सोसायट्यांतून माझ्याकडे कागद वाचायला येणारी माणसे काम झाल्यावर जरा थांबत आणि हळूच विचारत, “ताई, ते घरी शिकवतात म्हणे, त्यांची काही सभा असते ना? जाऊन बघावं का?” मी म्हणे, जरूर जा. पण भीतीने जाणाऱ्या माणसाला तिथे दोन गोष्टी सहज विकल्या जातात, सामान आणि धीर. म्हणून जाण्याआधी थोडे बोलून घेऊ.

आधी कायद्याचे. मेळाव्याला माणसे का जमतात, याचे निम्मे कारण तिथेच आहे. २००२च्या ८६व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाच्या मुलांचे शिक्षण मूलभूत हक्क झाले आणि मुलाला शिक्षणाची संधी देणे हे पालकाचे मूलभूत कर्तव्य झाले. २००९चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचे दहावे कलम म्हणते, की मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य आहे. दाखल न केल्यास पालकाला शिक्षा काय, याबद्दल मात्र कायदा गप्प आहे. दिल्लीत घरी शिकणाऱ्या एका मुलीच्या वतीने उच्च न्यायालयात याचिका झाली. तिच्या सुनावणीच्या काळात केंद्रीय मंत्रालयाने एका प्रतिज्ञापत्रात असे सांगितले, की स्वेच्छेने पर्यायी शिक्षण निवडणाऱ्या पालकांच्या आड हा कायदा येत नाही. मेळाव्यांत हे प्रतिज्ञापत्र जवळजवळ सनदेसारखे सांगितले जाते. प्रतिज्ञापत्र ही सरकारने एका दाव्यात मांडलेली बाजू असते, कायद्यातले कलम नसते, एवढे लक्षात ठेवून ते ऐकावे.

दुसरीकडे, ४ जुलै २०१५ रोजी राज्यात एकाच दिवशी शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण झाले. त्या खानेसुमारीच्या भाषेत घरी उत्तम शिकणारे मूल आणि वीटभट्टीवर विटा वाहणारे मूल एकाच रकान्यात बसते. अमेरिकेत १९९३ पर्यंत सर्व पन्नास राज्यांत घरशिक्षण कायदेशीर झाले होते. अनेक राज्यांत पालक स्थानिक शिक्षणखात्याला कळवतात आणि खाते त्याची नोंद ठेवते. जर्मनीत ते चालत नाही, आणि २०१९ मध्ये मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयानेही एका जर्मन कुटुंबाविरुद्ध कौल दिला. दोन्हीकडे पालकाला आपण कुठे उभे आहोत हे तरी कळते. आपल्याकडे बंदी नाही, परवानगी नाही आणि ज्याच्या दारात जाऊन विचारावे असे टेबलही नाही.

त्यामुळे घरशिक्षणाचे सगळे व्यवहारज्ञान तोंडी आहे. कोणती परीक्षा, कितव्या वर्षी, कोणत्या केंद्रावर, कुठला कागद अडला आणि कोणी सोडवला, हे ज्यांनी केले त्यांच्या डोक्यात असते. वर्षातून एकदा ही डोकी एकत्र बसतात तो मेळावा. म्हणून त्याला व्याख्यानमाला समजून जाऊ नये. मी त्याला दप्तर समजते, फक्त यातली पाने चालतीबोलती आहेत आणि संध्याकाळच्या गाडीने आपापल्या गावी परत जाणार आहेत.

अमेरिकेत सुरुवातीला हे काम एका मासिकाने केले होते. ‘हाऊ चिल्ड्रन फेल’ हे १९६४चे पुस्तक लिहिणारे जॉन होल्ट आधी शाळा सुधारण्याच्या बाजूचे होते. पुढे त्यांचा त्यावरचा विश्वास उडाला आणि १९७७ मध्ये त्यांनी ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ सुरू केले. ते २००१ पर्यंत चालले. त्यात पालकांची लांबलचक पत्रे असत आणि ज्यांना इतर कुटुंबांनी भेटलेले चालेल अशांची यादी छापली जाई. आज त्या देशात मोठमोठी अधिवेशने भरतात आणि त्यांच्या प्रदर्शनाच्या दालनात पाठ्यक्रम विकणाऱ्यांच्या रांगा असतात. आपल्याकडे विक्री अजून तेवढी वाढलेली नाही, पण वाढते आहे. माझा साधा नियम असा, की पहिल्या दिवशी काहीही विकत घेऊ नये. जी वस्तू हवीशी वाटेल तिचे नाव वहीत लिहावे आणि ती वापरणाऱ्या घराला दुपारी विचारावे, की गेल्या महिन्यात ही किती वेळा उघडली.

आपल्याकडच्या काही मेळाव्यांना आधी ठरलेला कार्यक्रमच नसतो. उदयपूरच्या ‘शिक्षांतर’शी जोडलेल्या मंडळींनी ‘लर्निंग सोसायटीज अनकॉन्फरन्स’ नावाने असे बरेच दिवसांचे मेळावे भरवले. सकाळी एक कोरा फळा लावतात. ज्याला जे बोलायचे किंवा विचारायचे असेल त्याने विषय, वेळ आणि झाड लिहायचे. ज्याला रस असेल तो तिथे जातो आणि कंटाळा आला की उठून दुसऱ्या झाडाखाली जातो. उठणाऱ्याला कोणी नावे ठेवत नाही. ही रीत अमेरिकेतल्या हॅरिसन ओवेन यांनी १९८०च्या दशकात रुजवली. आपल्या माणसाला ती सुरुवातीला जड जाते. निमंत्रणपत्रिका, प्रमुख पाहुणे, दीपप्रज्वलन यांवाचून आपल्याला सभा सुरू झाल्यासारखी वाटत नाही, आणि बोलणाऱ्याच्या समोरून उठणे म्हणजे उद्धटपणा. मी पहिला अर्धा दिवस रंगकामावरच्या एका चर्चेत केवळ संकोचाने बसून काढला. (चर्चा वाईट नव्हती. मला रंगकामातले काही कळत नाही.)

या फळ्याचा खरा उपयोग मला दुसऱ्या मेळाव्यात दिसला. सगळी चर्चा इंग्रजीत चालली होती. ठाणे-नाशिककडची काही जोडपी मागे बसली होती. त्यांतले नवरे अधूनमधून बोलत, बायका गप्प. घरी मुलाला दिवसभर सांभाळणार होत्या त्या याच बायका. दुपारी एकीने धीर करून फळ्यावर मराठीत लिहिले, “मराठीतून बोलू या. ३ वाजता, पाण्याच्या टाकीजवळ.” तिथे जी दीड तास चर्चा झाली ती मी त्या तीन दिवसांत ऐकलेली सर्वांत उपयोगी चर्चा. सासूबाईंना काय सांगायचे, शेजारी मुलाला अडवून पाढे विचारतात त्याचे काय, मूल दुपारी झोपते तेवढ्यात स्वयंपाक उरकतो का, आणि नोकरी सोडली तर गृहकर्जाचा हप्ता कोण भरणार. मराठी वाचक अशा ठिकाणी गेला तर त्याने पहिल्याच सकाळी खडू उचलावा, असे मी आग्रहाने सांगेन. परवानगी कोणाला मागायची नसते.

आता विचारायचे काय? मंचावरून जे सांगितले जाते ते बहुधा यशाचे असते, आणि ते खोटे नसते. मुंबईच्या मालविका जोशीचे उदाहरण हमखास निघते. सातवीच्या सुमारास शाळा सुटलेली ही मुलगी संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये पदके मिळवून २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत दाखल झाली. ऐकणाऱ्याचे डोळे इथे विस्फारतात आणि पुढचे वाक्य निसटते. बारावी उत्तीर्ण नसल्यामुळे आयआयटीचा दरवाजा तिला बंदच होता. म्हणजे त्या गोष्टीत दोन बातम्या आहेत, आणि आपल्या मुलाकडे ऑलिंपियाडचे पदक नसेल तर दुसरी बातमी पहिलीपेक्षा जास्त कामाची आहे.

म्हणून मंचापेक्षा जेवणाच्या रांगेत आणि भांडी घासण्याच्या मोरीवर मी जास्त वेळ असते. तिथे विचारायचा माझा ठरलेला प्रश्न आहे, “गेल्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता तुमच्याकडे काय चाललं होतं?” तत्त्वज्ञान विचारले की माणसे तत्त्वज्ञान सांगतात, मंगळवार विचारला की खरे सांगतात. एका वडिलांनी दोन क्षण विचार करून सांगितले, “मी ऑफिसला. हिला ताप होता. मुलगा टीव्ही बघत होता.” आणि मग आम्ही चांगले तासभर बोललो.

सोळा ते पंचवीस वयाची, घरी शिकून मोठी झालेली मुले मेळाव्यात असतील तर त्यांना गाठावे, शक्यतो त्यांचे आईवडील जवळपास नसताना. एका एकोणीस वर्षांच्या मुलीने मला सांगितले, की तिला गणित, इंग्रजी, सगळे आले, पण शाळेतल्या मैत्रिणीशी भांडण होऊन दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर बसावे लागणे, हे तिच्या वाट्याला कधी आले नाही. भांडण झाले की त्या घरी जाणे बंद होई. हे तिने तक्रार म्हणून सांगितले नाही, विचारले म्हणून सांगितले. तसेच, मध्येच शाळेत परत गेलेली कुटुंबे. ती मेळाव्याला सहसा येत नाहीत, कारण त्यांना आपण नापास झाल्यासारखे वाटते. पण त्यांचे नंबर कोणाकडे तरी असतात. ते मागून घ्यावेत. शिक्षणहक्क कायद्याच्या चौथ्या कलमाने शाळेबाहेरच्या मुलाला त्याच्या वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, म्हणजे चौदापर्यंत परतीचा रस्ता कायद्याने उघडा आहे. तो चालून पाहिलेल्यांकडून त्यातले खड्डे कळतात.

घरी शिकवणे म्हणजे आपोआप मायेने शिकवणे, असा एक गोड समज या मेळाव्यांत हवेत असतो. कुळगावाहून लोकलने वीस-पंचवीस मिनिटांवरचे कल्याण हे आनंदीबाई जोशींचे जन्मगाव. १८६५चा जन्म. गोपाळरावांनी लग्नानंतर त्यांना घरी शिकवण्याचा ध्यास घेतला आणि १८८६ मध्ये आनंदीबाई पेनसिल्व्हेनियातून डॉक्टर झाल्या. गोपाळरावांचा धाक मारापर्यंत जाई, हेही चरित्रांतून नोंदलेले आहे. उलट पंडिता रमाबाईंना संस्कृत मिळाले ते आईकडून, गंगामूळच्या रानात आणि पुढे तीर्थयात्रांच्या वाटेवर. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन पदव्या दिल्या तेव्हा त्यांच्याकडे कोणत्याही शाळेचा कागद नव्हता. दोन्ही घरेच. घर कसले आहे हे मूलच सांगू शकते, आणि म्हणून मुलाला मेळाव्याला न्यावे. मात्र त्याला कोणापुढे कविता म्हणायला उभे करू नये. त्याला सोडावे आणि लांबून बघावे. तिथे पाच वर्षांचे आणि पंधरा वर्षांचे मूल एकत्र काहीतरी करत असते. आपले मूल त्यात किती वेळाने शिरते, की शिरतच नाही, हे दोन दिवसांत दिसते. परतताना त्याने “मला शाळाच आवडते” असे म्हटले, तर संमेलनाचा खर्च वसूल झाला असे धरावे.

आता माझ्या क्षेत्राकडे वळते, कारण या एका गोष्टीबद्दल मी कोणत्याही मेळाव्यात पुरेसे बोलणे ऐकलेले नाही.

महाराष्ट्रात शाळा सोडल्याचा दाखला हा केवळ शिक्षणाचा कागद नाही. आताच्या जन्मदाखल्यावर जात नसते. ती लिहिली जाते शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, आणि तिथून दाखल्यावर उतरते. जात प्रमाणपत्र आणि पुढे त्याची पडताळणी करताना कुटुंबाला मानीव दिनांकापूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. अनुसूचित जातींसाठी हा दिनांक १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. माझ्याकडे येणारी माणसे हाच पुरावा शोधत असतात आणि दहातल्या बऱ्याच जणांना तो मिळतो तो आजोबा किंवा पणजोबा कधीतरी दोन वर्षे शाळेत गेले होते म्हणून. लोकल बोर्डाच्या शाळेत पहिलीत नाव घातले, दुसरीत गैरहजर, नाव कमी केले. पणजोबांना अक्षर आले की नाही कोण जाणे. पण रजिस्टरातल्या त्या एका मोडी ओळीवर आज पणतीचा मेडिकलचा प्रवेश उभा राहतो. ज्यांचे पणजोबा शाळेच्या दारापर्यंतही पोचू दिले गेले नाहीत, त्यांच्या घरी ती ओळ नसते आणि मग जन्ममृत्यूच्या नोंदवह्या चाळत बसावे लागते.

हे डोक्यात असलेल्या माणसाला “शाळेत नावच घातले नाही” हे वाक्य वेगळे ऐकू येते. एका चर्चेत मी विचारले, की इथल्या कोणाला जात प्रमाणपत्र काढताना मुलाच्या दाखल्याची अडचण आली का? जरा शांतता झाली आणि एक सद्गृहस्थ प्रेमळपणे म्हणाले, “आम्ही लेबलं मानत नाही.” त्यांच्यावर मी रागावले नाही. ज्याला त्या कागदाची गरज कधी पडणार नाही, त्याला तो लेबल वाटणे स्वाभाविक आहे. पण मेळावा संपल्यावर फाटकाशी एक तरुण आई मला गाठून म्हणाली, “तुमचा प्रश्न माझा होता, मला तिथे विचारता नसता आला.” तिच्यासाठी आणि तिच्यासारख्यांसाठी पुढचे थोडे तपशिलाने लिहिते.

मूल शाळेत असेल आणि काढायचा विचार असेल, तर काढण्याआधी जनरल रजिस्टरमधली त्याची नोंद डोळ्यांनी बघून घ्यावी. नाव, वडिलांचे नाव, आडनावाचे शुद्धलेखन, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात आणि पोटजात. दुरुस्ती मूल पटावर असेपर्यंत होते. ते शाळा सोडून गेल्यावर तीच दुरुस्ती करून घेणे फार किचकट असते. दाखला घेतला की मूळ प्रत कोणालाही देऊ नये, साक्षांकित प्रतींवर काम भागवावे. जात प्रमाणपत्र काढायचे असेल तर ते याच सुमारास काढून ठेवावे. वडिलांकडे किंवा वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कोणाकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर पुढची वाट पुष्कळ सोपी होते, म्हणून त्या प्रती आताच गोळा कराव्यात. काकांशी बोलणे बंद होण्याआधी, असे मी माझ्या पद्धतीने सांगते. मूल कधीच शाळेत गेलेले नसेल तर वडिलांची आणि आजोबांची कागदपत्रे हाच आधार.

परीक्षांच्या बाबतीतही मेळाव्यात नेमके विचारावे. राज्य मंडळाची दहावी खाजगीरीत्या द्यायची तर सतरा नंबरचा फॉर्म आपल्याला माहीत आहे, पण त्यासोबतही शाळा सोडल्याचा दाखला मागतात. म्हणून अनेक कुटुंबे १९८९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाकडे वळतात. तिथे दहावीला बसायला चौदा वर्षे पूर्ण लागतात. राज्याचेही मुक्त विद्यालय मंडळ आहे, आणि त्यात पाचवी व आठवीच्या पातळीच्या परीक्षा आहेत. यांतले कोणते केंद्र आपल्या जवळ, विज्ञानाचे प्रात्यक्षिक कुठे द्यावे लागले, गुणपत्रिका किती दिवसांनी आली, हे गेल्या वर्षी परीक्षा दिलेल्या मुलालाच विचारावे. दहा वर्षांपूर्वीच्या अनुभवावर जाऊ नये. २०१८ मध्ये मुक्त विद्यालयाच्या मुलांना वैद्यकीय प्रवेशपरीक्षेपासून दूर ठेवणारी अट आली आणि त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्दही केली. त्या काही महिन्यांत ज्याने माहिती घेतली असेल तो आजही लोकांना घाबरवत असेल. वहीत प्रत्येक माहितीपुढे ती सांगणाऱ्याचे गाव आणि तो अनुभव कोणत्या वर्षीचा, हे लिहावे. जुने कागद वाचणाऱ्या बाईची ही सवय आहे, तारीख नसलेल्या कागदाला मी हात लावत नाही.

शाळा आणि घर यांच्या मधल्याही जागा आहेत आणि मेळाव्यात त्या कळतात. गोव्याच्या राहुल अल्वारिसने दहावीनंतर एक वर्ष सुट्टी घेतली. माशांच्या टाक्या, पुण्याचे सर्पोद्यान, मद्रासजवळचे मगरकेंद्र असे फिरत तो शिकला आणि त्याचे पुस्तक ‘फ्री फ्रॉम स्कूल’ म्हापशाच्या ‘अदर इंडिया प्रेस’ने १९९९ मध्ये काढले. दहावीचे प्रमाणपत्र हातात घेऊन मग घेतलेले ते वर्ष होते. पूर्ण उडी न मारणाऱ्याला मेळाव्यात कधीकधी कच्चा समजतात. ते मनावर घेऊ नये.

पैशाचे एक वाक्य. नोंदणी, प्रवास, राहणे मिळून चौघांच्या कुटुंबाचे काही हजार सहज जातात. आयोजकांना सवलत विचारायला लाजू नये. स्वयंपाकघरात हात लावणाऱ्यांचे शुल्क कमी केलेले मी पाहिले आहे.

परत आल्यावर निदान दोन महिने काही ठरवू नये, असे मी सांगते. मेळाव्याची एक नशा असते आणि ती सोमवारच्या कर्जत लोकलमध्ये उतरते. त्या दोन महिन्यांत एकच काम करावे. वहीतल्या नंबरांपैकी आपल्याच रेल्वेमार्गावरचे एखादे घर निवडून तिथे साध्या वारी, काही खास न ठरवता, दिवसभर जाऊन बसावे. आणि आपल्या गावात शाळेबाहेर मुलाने जायच्या जागा कोणत्या, ते पायी हिंडून बघावे. बदलापुरात श्याम जोशी यांनी उभारलेले ‘ग्रंथसखा’ ग्रंथालय आहे, उल्हास नदी आहे, पलीकडे अंबरनाथला शके ९८२चा शिलालेख असलेले शिवमंदिर आहे. पण मंगळवारी सकाळी अकरा वाजता तिथे आठ वर्षांच्या मुलीला कोण नेणार, हे नाव घेऊन ठरले पाहिजे. “आपण नेऊ” या उत्तरातला ‘आपण’ बहुतेक घरांत एकच व्यक्ती असते.

२०२४ नंतर माझ्याकडे आलेल्यांपैकी एक जोडपे गेल्या हिवाळ्यात अशा मेळाव्याला जाऊन आले. वही भरून आणली होती. तिच्या शेवटच्या पानावर बाईने दोन रकाने केले होते, “भीती” आणि “इच्छा”. भीतीच्या रकान्यातल्या बऱ्याच गोष्टी शाळेला विचारता येण्यासारख्या होत्या. सीसीटीव्ही कुठे आहे, मुलींच्या स्वच्छतागृहाजवळ कोण असते, तक्रार समितीत पालक कोण. दोघांनी त्या लेखी विचारल्या आणि निम्म्यांची उत्तरे आली. इच्छेच्या रकान्यात एकच ओळ होती, मुलीला नदी, पक्षी यांची ओढ आहे आणि त्याला शाळेत वेळ नाही. मुलगी एप्रिलपर्यंत शाळेतच राहिली. दरम्यान त्यांनी जनरल रजिस्टर पाहायला मागितले, तर पोटजातीच्या रकान्यात आडनाव उतरवलेले निघाले. दुरुस्तीचा अर्ज, आजोबांच्या १९५८च्या दाखल्याची प्रत आणि मी केलेले मोडी उताऱ्याचे देवनागरी लिप्यंतर त्यांनी जोडून दिले. दुरुस्ती होऊन येईपर्यंत मुलीचे नाव पटावर ठेवायचे, असे दोघांचे ठरले आहे. सध्या ती शनिवारी शाळा सुटली की बाबांबरोबर नदीवर जाते.